आजोबांना स्टुलावर चढव

कथा वाचली. तुझे नारायण पेठेतले आजोबा ‘तिरसट पण प्रेमळ’ आहेत हे तूच सांगतेस, ते स्वतः काहीच करत नाहीत. जन्म १९५०चा धरलायस ना? मग १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे. घरात पाणी शिरलेलं पाहिलेला पोरगा म्हातारपणीही कागदपत्रं माळ्यावरच ठेवेल. कारण लिहू नकोस हं! नुसतं त्यांना स्टुलावर चढव, खालून सुनेला ओरडू दे. आणि संवादांसाठी मंडईत तासभर उभी राहा. भाजीवाली न् गिऱ्हाईक एकसारखं बोलत नाहीत. तुझी सगळी पात्रं मात्र तुझ्यासारखीच बोलतात. माझीही बोलायची, पहिली चार वर्षं.