लिंबं, शर्ट आणि रिकामी पोती

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण मुद्दामच लगेच रिप्लाय दिला नाही, रागात काहीतरी बोलून गेलो असतो. जॉब सोडून युद्ध चाललंय तिकडे मदतीला जायचं म्हणतेस. जा की, मी कोण अडवणारा! पण त्या रेडक्रॉसवाल्या हेन्री ड्युनांटचा दाखला दिलायस ना, तो अर्धाच दिलायस म्हणून हे लांबलचक लिहितोय.

१८५९ च्या जूनमध्ये तो इटलीत गेला तो काही सेवा करायला नव्हे. अल्जीरियातल्या त्याच्या गिरणी-कंपनीचं काम अडकलेलं, ते तिकडे लढाईवर आलेल्या फ्रान्सच्या बादशहाला, तिसऱ्या नेपोलियनला, भेटून मोकळं करून घ्यायचं होतं. सोल्फेरिनोची लढाई झाली आणि शेजारच्या कास्तिग्लियोने गावात जखमींच्या गाड्यांवर गाड्या यायला लागल्या, चर्च भरलं, रस्ते भरले. गावातल्या बायका आधीपासूनच पाणी पाजत होत्या, पट्ट्या बांधत होत्या, हा कुठल्या बाजूचा तो कुठल्या बाजूचा असलं काही न बघता. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ड्युनांट त्यांच्यात सामील झाला, आणि मला त्याचं आवडतं काम विचारशील तर ते वेगळंच आहे: त्याने आपला गाडीवान ब्रेशिया शहरात पिटाळला सामान आणायला. लिंबं, संत्री, साखर, शर्ट, टाचण्या, तंबाखू! जखमी माणसाला तंबाखू हवी असते हे त्याने बघितलं म्हणून ती आली, कळलं का.

पुढे १८६२ मध्ये पुस्तक काढलं, त्यात मागणी काय तर शांततेच्या काळातच माणसं तयार करून ठेवा. १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती, १८६४ मध्ये जिनिव्हा करार. १८६७ मध्ये मात्र साहेबांचं दिवाळं वाजलं, १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात दिवस काढत होता. हिशोबात कच्चा होता बिचारा.

पक्का होता तो हर्बर्ट हूव्हर, खाणीचा इंजिनिअर, पुढे अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला तोच. १९१४ मध्ये बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात, ब्रिटिशांनी समुद्र अडवलेला, लोकांना खायला नाही. याने दोन्हीकडून परवानग्या काढल्या आणि जहाजांनी धान्य, पीठ नेलं. आणि गंमत बघ, पिठाच्या रिकाम्या पोत्यांचासुद्धा हिशोब ठेवायचे, कारण पोती कापसाची, आणि कापूस जर्मनांच्या हातात पडला की त्याचा दारूगोळा होणार. मग त्याच पोत्यांवर तिथल्या बायकांनी भरतकाम केलं, पोरांचे कपडे शिवले, काही तर आभार म्हणून अमेरिकेला परत पाठवली. मी तीस वर्षं इथे नाशकात अंबडला गोडाऊन सांभाळलंय, मला हे वाचून असं भरून आलं ना की विचारू नकोस. (काकू म्हणाली, पोती वाचून रडणारा तूच एक.)

लांबचं कशाला, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोकांची वसाहत होती, बहुतेक बायका-पोरं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली. त्यांच्यासाठी शाळा पण उभ्या राहिल्या. नुसता तंबू ठोकून भागत नाही गं, माणसं वर्षानुवर्षं राहतात.

आता माझी फजिती ऐक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे गोदेला पूर, दुतोंड्या मारुती पाण्यात, आणि तिकडे सांगली-कोल्हापूर बुडालेलं. आम्ही पंचवटीतून दोन दिवसांत टेम्पो भरला, जुन्या साड्या, स्वेटर, एकेक पायातले बूट. तिकडे पोचलो तर रस्त्याच्या कडेला असल्याच कपड्यांचे ढीग भिजत पडलेले आणि एक आजी विचारते, खराटा आणलाय का रे, फिनेल आणलंय का? घरात गुडघाभर चिखल होता तिच्या.

तर रविवारी दुपारी घरी ये. त्या टेम्पोचं रजिस्टर अजून माझ्याकडे आहे, काय दिलं, कोणी दिलं, किती नग, सगळं माझ्या अक्षरात नीट लिहिलंय. कोणी काय मागितलं होतं, हा रकानाच नाहीये त्यात.

तुझा काका