सुरुवातीचे समाजवादी सगळेच वसाहतवादाच्या विरोधात होते का?

नाही हो, अजिबात नाही, जर्मनीतलं १९०७ चं स्टुटगार्टचं अधिवेशन बघा. दुसऱ्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या समाजवादी पक्षांच्या संघटनेच्या, त्या अधिवेशनात डच नेते व्हॅन कोल आणि जर्मन बर्नस्टाईन यांचं म्हणणं होतं की समाजवादी राजवटीत वसाहती लोकांना 'सुधारू' शकतात म्हणून वसाहतवाद तत्त्वतः नाकारायचा नाही, आणि व्हॅन कोल तर म्हणाले की मध्य आफ्रिकेत नुसतं मशीन घेऊन गेलो तर ते लोक आपल्यालाच खातील, हत्यारं घेऊनच जावं लागेल! समाजवादी माणूस हे बोलतोय, मला वाचून खरंच राग आला. काउट्स्की, लेडेबूर या जर्मन समाजवाद्यांनी कडाडून विरोध केला. शेवटी मतदान १२७ विरुद्ध १०८, म्हणजे वसाहतवाद्यांचा ठराव पडला पण थोडक्यात, आणि तोही बराचसा वसाहती नसलेल्या छोट्या देशांच्या मतांमुळे.

आणि याच अधिवेशनात मादाम कामांनी हिरवा-पिवळा-लाल झेंडा फडकवून भारताच्या स्वातंत्र्याची मागणी केली होती, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. तो झेंडा नंतर गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला. पुण्यात केसरीवाड्यात आहे, जाऊन बघाच.