अदृश्य करणारं कापड खरंच असतं का? आणि मेटामटेरियल फोनच्या कॅमेऱ्यात कधी येणार?

तुम्ही विचारलंय की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो कापड अंगावर घेऊन गायब होणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मेटामटेरियलचा आहे का, आणि या मटेरियलचा आपल्या फोनला काही उपयोग आहे का.

व्हिडिओचं आधी सांगतो, तो खोटा आहे. एका रंगाचं कापड धरून एडिटिंग केलं की कुणालाही तसं गायब करता येतं. पण मेटामटेरियल मात्र अगदी खरं आहे आणि मी ऑप्टिक्समध्येच काम करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे अदृश्य व्हायच्या गोष्टीमागे लागतात आणि खरी भारी गोष्ट बाजूलाच राहते.

दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि काचेतले अणू एकमेकांपासून एका नॅनोमीटरच्याही आत. म्हणजे प्रकाशाला सुटा अणू जाणवतच नाही, सगळ्यांचा मिळून सरासरी परिणाम जाणवतो आणि तोच आपण शाळेत अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, म्हणून शिकलो. मग अणूंच्या जागी आपणच काहीतरी घडवून बसवलं, तरंगलांबीपेक्षा लहान पण अणूपेक्षा खूप मोठं, तर प्रकाश त्याचीही सरासरीच घेणार ना? अशा घडवलेल्या रचनेलाच मेटामटेरियल म्हणतात. एकाच सुताचं मांजरपाट पण होतं आणि टॉवेल पण, फरक विणीचा, तसंच इथे माल कुठला यापेक्षा आकार कसा याला जास्त महत्त्व येतं.

रशियातल्या व्हेसेलागो यांनी १९६७ मध्येच गणित मांडून दाखवलं होतं की अपवर्तनांक ऋण असला तर प्रकाश भलत्याच बाजूला वाकेल, पण असा पदार्थ निसर्गात कुणाला सापडला नाही आणि विषय जवळपास तीस वर्षं पडून राहिला. १९९९ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या जॉन पेंड्री यांनी फट ठेवलेल्या धातूच्या कड्यांची कल्पना मांडली, पुढे अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या ग्रुपने तशा कड्या आणि तारा जोडून ऋण अपवर्तन मोजून दाखवलं, आणि २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात तांब्याचा एक छोटा सिलिंडर लपवला गेला. पण हे सगळं मायक्रोवेव्ह लहरींसाठी, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी नाही, आणि तिथे तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, तेही एकाच फ्रिक्वेन्सीला, सपाट पातळीत आणि अर्धवटच. दिसणाऱ्या प्रकाशासाठी त्याच कड्या काही दहा नॅनोमीटरच्या कराव्या लागतात आणि तिथे धातू प्रकाश शोषून घेतो, शिवाय सगळे रंग आणि सगळ्या दिशा एकदम सांभाळायच्या. म्हणून अदृश्य करणारं कापड विसरा.

आता मला मनापासून आवडणारा भाग. २०१६ मध्ये हार्वर्डच्या कपासो यांच्या ग्रुपने धातू सोडून टायटॅनियम डायऑक्साइड घेतलं, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच, ते दिसणारा प्रकाश जवळजवळ शोषत नाही. काचेवर त्याचे फक्त ६०० नॅनोमीटर उंचीचे चपटे खांब उभे केले, सगळे एकाच मापाचे, फक्त प्रत्येक खांब वेगळ्या कोनात फिरवलेला. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश (ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहते) टाकला की खांब जितका फिरवलाय त्याच्या दुप्पट फेज, म्हणजे लहरीचं पुढे-मागे सरकणं, प्रकाशाला मिळते. नेहमीच्या भिंगात हे काम काचेची कमीजास्त जाडी करते, इथे नुसता कोन करतो आणि सपाट पृष्ठभाग प्रकाश एका बिंदूवर आणतो! अशा सपाट भिंगाला मेटालेन्स म्हणतात.

आणि ही फेज पहिल्यांदा कुणी ओळखली? शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी, १९५६ मध्ये, बंगळूरच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये, वय जेमतेम बावीस. १९८४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी हीच गोष्ट क्वांटम सिस्टिमसाठी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवर, मांडली आणि आज तिला पंचरत्नम-बेरी फेज म्हणतात. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले, पस्तिसाव्या वर्षी. मेटालेन्सवरच्या लोकप्रिय लेखांत त्यांचं नाव कितीदा गाळलेलं असतं, मला ते खरंच लागतं.

फोनचं म्हणाल तर मेटालेन्स आलेली आहे. मेटालेन्झ नावाच्या कंपनीची सपाट ऑप्टिक्स २०२२ पासून एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये येते. तिथे एकाच तरंगलांबीचा इन्फ्रारेड लेझर असतो म्हणून ते सोपं जातं. मुख्य कॅमेऱ्याचं मात्र अवघड आहे, कारण साध्या मेटालेन्सचा फोकस प्रत्येक रंगाला वेगळ्या जागी पडतो, तोही काचेच्या उलट, लाल जवळ आणि निळा लांब. २०१८ मध्ये बरेच रंग एका जागी आणणाऱ्या लेन्स झाल्या पण अगदी इवल्याशा, कारण लेन्स मोठी केली की मधल्या आणि कडेच्या प्रकाशातला वेळेचा फरक वाढतो आणि एवढासा खांब प्रकाशाला तितका वेळ अडवूच शकत नाही. त्यामुळे फोनच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा एवढ्यात तरी जाणार नाही असं मला वाटतं.