घरी कानडी, शाळेत इंग्रजी आणि वर्गात गप्प बसणारं मूल

शाळा सुरू होऊन महिना झाला की पालकांकडून माझ्याकडं हा प्रश्न यायला लागतो, तो दिवाळीपर्यंत येतच राहतो. "मॅडम, पोरगी घरात चुरूचुरू बोलते, वर्गात तोंड उघडत नाही. शाळा म्हणते, घरीही इंग्रजीच बोला. आम्हाला कुठं येतंय?" विचारणारे कधी विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे परराज्यात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे असतात, पोरांचं लहानपण तमिळनाडूत गेलेलं. कधी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आलेलं हिंदी बोलणारं कुटुंब असतं. आणि बऱ्याचदा कर्नाटक सीमेवरच्या जतच्या पूर्व भागातले, घरी कानडी बोलणारे.

भाग्या (नाव बदललं आहे) त्यातलीच. चौथीपर्यंत कानडी माध्यम, पाचवीला सांगलीत इंग्रजी माध्यम. पहिल्या चाचणीत विज्ञानाला वीसपैकी दोन गुण आणि वर शेरा, ‘आकलन कमी’. वडिलांनी तो इतका मनावर घेतला की घरात कानडी बोलायलाच बंदी घातली. मग पोरगी घरीही बोलेनाशी झाली.

कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांत एक होता: वारा असला की कपडे लवकर का वाळतात? गावाकडं यांचं बेदाण्याचं शेड आहे हे आईच्या बोलण्यात आलं होतं. म्हणून मी विचारलं, "शेडला भिंती का नसतात गं?" आईनं ते कानडीत सांगितलं. भाग्यानं आधी वडिलांकडं पाहिलं. ते म्हणाले, "बोल की."

मग ती सुटलीच. भिंत घातली तर वारं कुठनं जाणार? वारं नसलं, आभाळ आलं, की माल वाळत नाही, काळा पडतो. द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे साल लवकर पाणी सोडते. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो.

"मग बाकीचे तीन किलो गेले कुठं?"

"वाऱ्यात. ते पाणीच होतं."

बाष्पीभवन याहून नेटकं पाचवीच्या पुस्तकातही सापडायचं नाही. वडील माझ्याकडं बघत राहिले. जे येत नाही म्हणून पोरीला दोन गुण मिळाले होते, ते तिला शेडमध्येच येत होतं. अडलं होतं फक्त इंग्रजी वाक्यापाशी.

माझा कल इथं उघड आहे. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत नेता येते, असं कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स सांगतात, आणि माझ्या खोलीत मला ते वारंवार दिसतं. त्यांच्याच मांडणीनुसार रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकी भाषेला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. पहिले काही आठवडे, कधी काही महिने, मूल नुसतं ऐकतं. त्या काळात आईबापांनी तुटक्या इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ सुरू केलं तर घरातलं बोलणंच आटतं: का, कसं, मग काय झालं, हे सगळं जातं. बंदी उठवा, हा माझा पहिला सल्ला.

दुसरा सल्ला घरासाठीच. बाईंकडून पुढच्या पाठातले सहा-आठ शब्द आदल्या आठवड्यात मागून घ्यावेत. पाठ शिकवायच्या आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याच विषयावर कानडीत गप्पा माराव्यात. आधी, नंतर नव्हे. दुसऱ्या दिवशी मूल अर्थ हातात घेऊन वर्गात बसतं, मग इंग्रजी कानावरून घसरून जात नाही.

वर्गातलं काम बाईंशी बसून ठरवलं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजायचे. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात. उत्तराची पायरी चढती ठेवायची: आधी बोट दाखवणं, मग हो-नाही, मग दोनांतलं एक निवडणं, मग एक शब्द, शेवटी वाक्य. फळ्यावर सुरुवात लिहून द्यायची, ‘इट ड्राइज फास्टर बिकॉज...’, पुढचं तिनं पुरं करायचं. चुकली तर मध्येच अडवायचं नाही, तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणायचं.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. बाई प्रत्येक इंग्रजी वाक्यामागं मराठी सांगतात, मग मुलं इंग्रजी ऐकायचंच सोडतात आणि मराठीची वाट बघतात. भाग्याला तर मराठीही परकीच. त्यापेक्षा सुरुवातीला गोषवारा सांगावा आणि पाठ सलग इंग्रजीत घ्यावा. दुसरं, शेजारी बसवलेली हुशार मैत्रीण वकील होऊन बसते, हिची सगळी उत्तरं तीच देते. जोडी दोन-तीन आठवड्यांनी बदलावी. आणि इंग्रजी बोललं नाही म्हणून दंड किंवा उभं करणं? शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नं मुलांच्या मानसिक छळावर बंदी घातली आहे, एवढं मी शाळांना आठवण करून देते.

बाईंनी पुढच्या चाचणीत प्रश्न वाचून दाखवला आणि नावं दिलेल्या आकृतीलाही गुण ठेवले. भाग्यानं शेड काढलं, वाऱ्याचे बाण दाखवले, खाली दीड वाक्य लिहिलं. विज्ञानाचे गुण पुरे, इंग्रजीच्या चुका वेगळ्या, त्यांचे गुण कापले नाहीत.

मात्र मूल घरच्या भाषेतही अडखळत असेल, त्या भाषेतलं वाचनही जमत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत आपली भाषा येणाऱ्या मुलांशीही महिनोन् महिने बोलत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तो प्रश्न इंग्रजीचा नाही.

"स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?" वडिलांनी जाता जाता विचारलंच. तिथं ‘मायसेल्फ’ पाठ करून घेतात, हिला अडतंय ते विज्ञान-गणितात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी कानडी आणि इंग्रजी दोन्हींत फुकट मिळतात. आधी कानडी वाचायची, मग तीच इंग्रजीत, मोठ्यानं. रोज एक, आईजवळ बसून.