माणसं ओळखू येत नाहीत, म्हणजे मला विसरायला होतंय का?

“मॅडम, परवा मंडईत एक बाई माझ्याशी बराच वेळ बोलत होत्या. घरच्यांची चौकशी केली, मुलीची केली. त्या कोण होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला काही झालंय का?”

या चालीचे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांच्या बाबतीत थोडं बोललं की लक्षात येतं, चेहरा ओळखीचा वाटलेला असतो, फक्त नाव जिभेवर येत नसतं. हे सगळ्यांचं होतं. माणूस कुठल्या गावचा, काय काम करतो, कुणाचा कोण, या गोष्टी एकमेकींना धरून डोक्यात बसतात. नावाला तसा कशाचाच आधार नसतो, म्हणून ते आधी निसटतं. अशांना मी निर्धास्त करून घरी पाठवते.

सुजाताचं तसं नव्हतं. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे.) लग्न होऊन ती कोल्हापूरजवळच्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात आली. वय तिशीच्या आसपास, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. आजीला शेवटच्या काळात पोटची मुलं ओळखू येत नव्हती, तेच आपल्याला लवकर लागलंय या भीतीने ती आली होती. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. सून शिष्ट आहे, समोरून जाते आणि ओळख दाखवत नाही, असं भावकीत झालं होतं. कडेलोट झाला तो अंबाबाईच्या देवळात. शुक्रवारच्या रांगेत सासूबाई चार माणसं सोडून पुढे उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं, नजरानजर झाली आणि सुजाताने शांतपणे मान दुसरीकडे वळवली. घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं.

पहिल्या भेटीत मी तिला स्मरणशक्तीबद्दल विचारत गेले. लग्नात कुणी काय आहेर केला ते ती वही न बघता सांगत होती. ऑफिसातल्या अशिलांचे पॅन नंबर तिला पाठ होते. म्हणून मी रोख बदलला आणि विचारलं, “सासूबाईंना तुम्ही कशावरून ओळखता?”

“उजव्या पायावर जरा भार देऊन चालतात. आवाज मोठा आहे. चष्मा आहे, सोनेरी काडीचा.”

“आणि त्या उभ्या असतील, बोलत नसतील, चष्मा पर्समध्ये असेल तर?”

ती गप्प झाली. देवळात नेमकं तेच झालं होतं, वर साडीही नवी.

मग लहानपणापासूनचं एकेक निघू लागलं. वर्गातल्या मुली ती रिबिनींवरून आणि बाकांवरून ओळखायची. जागा बदलल्या की आठवडाभर तिचे हाल. मालिकेतल्या नायिकेने केस मोकळे सोडले की ही कोण नवीन आली, असं तिला वाटायचं, म्हणून तिने मालिका बघणंच सोडलं होतं. फोनवर मात्र पलीकडून नुसतं “हॅलो” आलं तरी नाव घेऊन बोलायची. सगळी माणसं अशीच ओळखतात, आपणच कमी पडतो, असं तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. जे दुसऱ्याला कसं दिसतं ते आपण कधी बघितलेलंच नाही, त्याची उणीव आपल्याला कळणार तरी कशी?

याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात, मराठीत चेहराअंधत्व म्हणता येईल. डोळ्यांना नीट दिसत असतं. नाक दिसतं, भुवया दिसतात, समोरचा हसतोय की चिडलाय हेही बहुतेकांना कळतं. पण त्या सगळ्यातून “हा अमुक” असा एकसंध चेहरा उभा राहत नाही. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांच्या नोंदींवरून त्याचं वर्णन केलं आणि हे नाव दिलं. पुढची बरीच वर्षं हे फक्त मेंदूला इजा झाल्यावरच होतं असा समज होता. जन्मापासून हे असणारी माणसं बरीच आहेत, शंभरात साधारण दोन, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आलं. त्यांच्या मेंदूला इजा नसते, साध्या एमआरआयमध्ये काही सापडत नाही. पुष्कळदा ते घराण्यात असतं. सुजाताचे वडील “कुणात मिसळत नाहीत” म्हणून गावात ओळखले जायचे. त्यांच्याबद्दल आता ती वेगळा विचार करते.

चेहऱ्यासाठी मेंदूत वेगळी सोय आहे, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते. कानाच्या मागच्या भागात, मेंदूच्या तळाच्या बाजूला फ्युझिफॉर्म नावाची एक वळी आहे. तिथला एक लहानसा भाग चेहरा दिसला की इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त सक्रिय होतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. बहुतेकांत उजव्या बाजूचा भाग जास्त जोर धरतो. आपण सरासरी सुमारे ५,००० चेहरे ओळखतो, असा ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. एकेक नाक-डोळा तपासून एवढी ओळख ठेवता येणार नाही. मेंदू चेहरा अखंड वाचतो. पटत नसेल तर घरातला ग्रुप फोटो उलटा धरून बघा. चेहरे उलटे झाले की ओळख जितकी ढासळते, तितकी घर किंवा विमान उलटं केल्यावर ढासळत नाही. रॉबर्ट यिन यांनी हे १९६९ मध्येच मोजून दाखवलं होतं.

वस्तू ओळखण्याचं काम याहून निराळं चालतं. सी. के. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाला डोक्याला मार लागल्यावर समोरची साधी वस्तू नुसती बघून ओळखता येईना, चेहरे मात्र अचूक ओळखता यायचे. आर्चिम्बोल्दो या जुन्या इटालियन चित्रकाराने फळं-भाज्या रचून माणसांचे चेहरे रंगवले आहेत. सी. के.ला त्या चित्रांत चेहरा दिसायचा, पण तो भाजीपाल्याचा आहे हे उमगायचं नाही. सुजाताचं बरोबर उलटं. तिला भाज्या दिसतात, चेहरा जुळत नाही. आवाजाचाही मेंदूत स्वतंत्र भाग आहे, कानाच्या वरच्या बाजूला. तो तिचा उत्तम आहे, आणि तिचा सगळा संसार त्या आवाजावर चालला होता.

हे ऐकून ती रडली. मला वाटलं, सुटकेने रडतेय. पण तिने जे सांगितलं ते त्याहून जड होतं. मुलगी मोठ्या गटात होती. शाळा सुटताना गणवेशातली शंभरएक पोरं एकदम फाटकाबाहेर यायची आणि त्यातली आपली कुठली हे तिला दिसायचं नाही. म्हणून ती रोज मुलीच्या वेणीला जर्द पिवळा रबर लावायची. एक दिवस तो कुणीतरी ओढून काढला. दुसऱ्याच मुलीचा हात धरून ती चार पावलं चालली होती. “आई असून,” एवढंच म्हणाली. विसरण्याची भीती घेऊन आलेली बाई खरं तर आपण आई म्हणून खोट्या आहोत का, हे विचारायला आली होती. मी तिला सांगितलं, नवजात मूलसुद्धा इतर बायकांच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे ओढ घेतं. ओळख दोन्हीकडून चालते, आणि तुमची मुलगी तुम्हाला ओळखते. फाटकाशी एकाच ठरलेल्या जागी उभं राहायचं, मुलीने येऊन हाक मारायची, आणि बाईंनी मूल नाव घेऊन हातात द्यायचं, असं शाळेत बोलून ठरवलं.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना आणि नवऱ्याला बोलावलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या. “आम्हाला ओळखत नाही, मग नवऱ्याला बरी ओळखते?” हा त्यांचा पहिला प्रश्न. तेव्हा नवऱ्यानेच तिरुपतीची गोष्ट काढली. मुंडण करून, मिशी उतरवून तो परतला, ती स्टेशनवर घ्यायला आलेली. तो समोर जाऊन उभा राहिला तरी ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. “अगं, मीच आहे,” म्हटल्यावर दचकली. त्याने ते थट्टेवारी नेलं होतं. सांगता सांगता त्याचा आवाज उतरला.

सासूबाईंच्या माहेरी दुभतं होतं, म्हणून मी विचारलं, “काकू, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, त्या मला सगळ्या सारख्या दिसतात. तुम्हाला?”

“छ्या! प्रत्येकीचं तोंड निराळं असतंय की.”

“सुजाताला माणसांच्या बाबतीत माझ्यासारखं होतं.”

त्या बराच वेळ सुनेकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “औषध हाय काय?”

औषध नाही. सरावाने थोडाफार फरक पडतो का, यावर प्रयोग झाले आहेत आणि काहींना थोडा फायदा झालाही आहे, पण त्यावर भिस्त ठेवून बसू नये असं माझं मत आहे. लपवणं थांबलं की सगळ्यात जास्त फरक पडतो. रोज प्रत्येक माणसापाशी अंदाज बांधत, हसरा चेहरा ठेवून वेळ मारून नेण्यात यांचा जीव थकतो. मेंदूविज्ञानावर लिहिणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांना हेच होतं आणि त्यांनी त्यावर उघडपणे लिहिलं. आम्ही सुजातासाठी एक वाक्य ठरवलं: “मला चेहरे लक्षात राहत नाहीत, आवाजावरून ओळखते, तेव्हा राग मानू नका.” घरच्यांनी बाहेर भेटल्यावर आधी बोलायचं, “सुजाता, मी शोभाकाकू,” असं. हळदीकुंकवाला नणंद शेजारी राहते आणि येणाऱ्या बाईला नावाने हाक मारते.

एक गोष्ट जोर देऊन सांगते. लहानपणापासून असं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र आजवर नीट ओळखणाऱ्या माणसाला अचानक चेहरे ओळखू येईनात, बोलणं अडखळलं, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर माझ्याकडे येऊ नका. तातडीने हॉस्पिटल गाठा, तो पक्षाघात असू शकतो. वाढत्या वयात हळूहळू ओळख जात असेल आणि सोबत रस्ते, पैसे, रोजची कामंही चुकत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. सुजातालाही मी आधी डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. आजीचा आजार तिला नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच तिला झोप लागली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक चुलत सासरे अजून “हे नवीनच खूळ” म्हणतात. ऑफिसात तिने कुणाला सांगितलेलं नाही, अशील नाराज होतील ही धास्ती आहे. निदान शेजारच्या टेबलावरच्या एका सहकारी बाईला तरी विश्वासात घ्यावं, असं मी तिला सुचवलं आहे. तिचा विचार चालू आहे.