टोकियोत फिल्म कॅमेरा घेऊन पायी फिरायचंय?

पहिल्यांदाच जाताय ना, मग एकच कॅमेरा न्या. तीन-तीन गळ्यात अडकवले की दुपारपर्यंत मान धरते आणि फोटो राहतात बाजूला. ३५ किंवा ५० मिमीची एक लेन्स आणि ४०० आयएसओची कलर निगेटिव्ह फिल्म, एवढं पुष्कळ झालं.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- रोल नीट अडकलेला नसतो. झाकण लावून फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरतेय का बघा. (आधी रोलची ढील काढून घ्या.) ती ढिम्म असेल तर फिल्म सरकतच नाहीये, काउंटर मात्र बिनदिक्कत पुढे जातो.
- रोल चेक-इन सामानात टाकू नका. पारदर्शक पिशवीत हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. विमानतळावरचे नवे सीटी स्कॅनर एका फेरीतही फिल्म खराब करू शकतात.
- प्रकाशाची शंका आली तर एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे दुप्पट प्रकाश; निगेटिव्ह सांभाळून घेते.

शिबुया, असाकुसा, शिंजुकू एका दिवसात उरकायला जाऊ नका. निप्पोरी स्टेशनला उतरून यानाका गाठा. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून बराचसा वाचलेला भाग आहे. अरुंद गल्ल्या, दारातल्या कुंड्या, संध्याकाळी पायऱ्यांवर तिरपं ऊन. कुणाचा चेहरा जवळून टिपायचा तर आधी विचारा.

पुश प्रोसेसिंग (कमी प्रकाशात काढलेला रोल जास्त वेळ डेव्हलप करणं) वगैरे पुढच्या खेपेला बघू.