वंशवृक्षातला बांबू

सजीवांची उत्क्रांतीतली नाती फांद्याफांद्यांनी दाखवणारी आकृती, म्हणजे ‘फायलोजेनेटिक ट्री’. तिला मराठीत वंशवृक्ष म्हणावं, जातिवृक्ष म्हणावं की उत्क्रांतीची शिडी, असं एका वाचकाने विचारलंय.

शिडी तर मुळीच नको! बेडूक खालच्या पायरीवर आणि माणूस वरच्या, असलं काही त्या आकृतीत नसतं. आज जिवंत असलेले सगळे शेंड्यांवरच असतात. तरी ‘माकडापासून माणूस झाला’ हे ऐकवणारं कुणीतरी भेटतंच.

खरी गंमत ‘वंश’मध्ये आहे. संस्कृतात वंश म्हणजे आधी बांबू. कूळ हा अर्थ नंतरचा. घर फिरल्यावर फिरणारे वासे त्याच शब्दातून आले, कृष्णाची वंशीही. पाठीचा कणा तो पृष्ठवंश, कारण मणक्यावर मणका, जशी बांबूची पेरं. म्हणजे ‘पृष्ठवंशी प्राण्यांचा वंशवृक्ष’ म्हणताना आपण दोनदा बांबूच म्हणतो. मला तर या कामाला झाडापेक्षा बांबूच सरस वाटतो. त्याचा भाऊबंद ऊस हातात घेऊन बघा: डोळा असतो तो पेरावर, मधल्या कांड्यावर कधीच नाही. बांबूची फांदीही पेरावरच फुटते. वंशवृक्षात जिथे फाटा फुटतो तिथे दोन्ही फांद्यांचा सामाईक पूर्वज असतो. त्या जागेला पेर म्हणा की सरळ, ‘नोड’ कशाला?

परिभाषाकारांनी मात्र फायलोजेनीचं, म्हणजे या नात्यांच्या इतिहासाचं, ‘जातिवृत्त’ केलं. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये तो शब्द घडवला तो ग्रीक ‘फायलॉन’वरून, म्हणजे कूळ, टोळी. तेव्हा अर्थाने फार चूक नाही, पण वधूवर मंडळाची पुस्तिका वाटते.

आता प्राण्यांची नावं बघा. देवमासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही, आणि वंशवृक्षात हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग! दोघांच्याही कातडीत तैलग्रंथी नाहीत. मग हा वारसा एकाच पेरावरून आला, की दोघांनी तो आपापला कमावला? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या ग्रंथींशी संबंधित जनुकं दोघांतही निकामी झालेली दिसली, पण बिघाड वेगवेगळे. सामाईक पूर्वजातच ती बंद पडली असती, तर दोघांत तोच बिघाड सापडायला हवा होता. म्हणजे पाण्याशी दोघांनी स्वतंत्रपणे जुळवून घेतलं असावं. नातं ठाऊक नसतं, तर हा प्रश्न पडलाच नसता.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. वंशवृक्ष म्हणा.